एमआय-१७ नंतर कोण?

ऑगस्ट २०२१ चा पहिला आठवडा आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. शिवपुरी, श्योपूर, दतिया सगळीकडे पाणीच पाणी. सिंध नदीवरचे पूल कागदाच्या होड्यांसारखे वाहून गेले. दतिया जिल्ह्यातल्या कोटरा गावात लोकांना काढायला बोटीने गेलेले राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री स्वतःच पुरात अडकले आणि त्यांनाही वायुसेनेच्या हेलिकॉप्टरने दोरीने वर खेचून घेतलं. मी तेव्हा बारावीत होते, वर्ग ऑनलाइन होते, आणि घरात दिवसभर टीव्हीवर एकच दृश्य: छपरावर उभी माणसं, वरून येणारा वारा, आणि खाली सोडलेली दोरी.

आपल्याकडे, म्हणजे लष्करात, विमानाचा आवाज कुणाला नवा नाही. महाराजपूरच्या हवाई तळावरची मिराज १९८५ पासून आपल्या डोक्यावरून जातायत. पण जेट येतं आणि जातं, खिडकीची काच थरथरते तेवढीच. हेलिकॉप्टरचा आवाज मात्र लांबून यायला लागतो, छातीत धपधप करतो आणि बराच वेळ राहतो. १८ फेब्रुवारी २०२३ ला दक्षिण आफ्रिकेतून १२ चित्ते आले, ते मोठ्या सी-१७ विमानाने ग्वाल्हेरला उतरले आणि इथून पुढे कुनोला गेले ते एमआय-१७ मध्ये बसून. पुरात माणसं, मग चित्ते, निवडणुकीत मतदान यंत्रं. एकाच जातीचं यंत्र ही सगळी कामं करतं.

हा विषय अंकासाठी सुचवला तेव्हा मला विचारलं गेलं, की यात साहित्य कुठे आहे? मी म्हटलं, आपण ज्या वस्तीत राहतो तिचं नावच मुळात दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या छावणीवरून पडलंय. १८१० च्या सुमारास तंबू ठोकले आणि छावणीचं शहर झालं. फौज काय खाते, कशावर बसून जाते, हे लष्करवाल्यांनी नाही विचारायचं तर कुणी? ताई हसल्या आणि हो म्हणाल्या.

खरा प्रश्न मला आमच्या गल्लीतल्या काकांनी घातला. ते वायुसेनेत जमिनीवरचे तंत्रज्ञ होते, आता निवृत्त. चित्ते गेले त्या दिवशी आम्ही गच्चीवर उभे होतो. काका म्हणाले, "बेटा, ही मशीन माझ्या नोकरीच्या आधीपासून आहे आणि माझ्या पेन्शननंतरही उडतेय. हिच्यानंतर काय, सांग?" मला सांगता आलं नाही. मग वाचायला घेतलं. त्या वाचनाचा हा हिशेब.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपण "एमआय" असं अक्षरं सुटी करून म्हणतो, जणू कुठल्या मोबाइल कंपनीचं नाव. मुळात ते रशियन "मि" आहे, मिखाईल मिल या अभियंत्याच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं. तसंच "का" म्हणजे निकोलाय कामोव. रशियन हेलिकॉप्टरांची ही दोन घराणी, आपल्या गायकीत असतात तशी. मिलने एमआय-८ चा पहिला नमुना १९६१ मध्ये उडवला. त्याला एकच इंजिन होतं. ते पुरेना, म्हणून पुढच्या वर्षी दोन इंजिनांचा नमुना आला आणि तोच टिकला. एमआय-१७ म्हणजे याच एमआय-८ चं जास्त ताकदीच्या इंजिनांचं भावंड, परदेशात विकायचं नाव. ओळखायचं कसं? शेपटीचा छोटा पंखा बघा. जुन्या एमआय-८ ला तो उजव्या बाजूला होता, एमआय-१७ ला डाव्या. हे मला काकांनी शिकवलं, आणि आता मला ते केल्याशिवाय राहवत नाही.

कझान आणि उलान-उदे या दोन शहरांतल्या कारखान्यांतून या कुटुंबाची १२ हजारांहून अधिक हेलिकॉप्टरं बाहेर पडली. भारताने एमआय-८ १९७२ च्या सुमारास घेतली आणि डिसेंबर २०१७ मध्ये बंगळुरूजवळ येलहंका इथे निरोप दिला, म्हणजे ४५ वर्षांची नोकरी. १९८४ मध्ये सियाचीनवर जवान उतरवले त्यातही ती होती. नंतर २००८ मध्ये ८० नव्या एमआय-१७ व्ही-५ चा करार झाला, पुढे आणखी घेतली, आणि २०१६ पर्यंत एकूण १५१ आली.

तर मग इतकी वर्षं हेच का? उत्तर कंटाळवाणं आहे: कारण ते पुरेसं चांगलं आहे. एकूण वजन १३ टन, पोटात चार टन सामान किंवा ३६ जवान, खाली हुकाला टांगून साडेचार टन. मागे उतरता दरवाजा, त्यातून जीपसुद्धा आत जाते. हुकाला पाण्याची मोठी बादली लावली की तेच अग्निशामक होतं. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालच्या जंगलात वणवा लागला तेव्हा एमआय-१७ ने भीमतालमधून पाणी उचलून ओतलं होतं. गडचिरोलीच्या दुर्गम भागात मतदान पथकं पोचवायलाही हीच लागतात.

दुरुस्ती साधी, हा दुसरा गुण. याच्या मोठ्या पंख्याची पाच पाती आहेत आणि प्रत्येक पात्याच्या आतल्या पोकळ धातूच्या कण्यात दाबाखाली हवा भरलेली असते. कण्याला बारीक तडा गेला तर हवा सुटते, आणि पात्याच्या मुळाशी असलेल्या छोट्या दर्शकात लाल पट्टी दिसते. म्हणजे तंत्रज्ञाने सकाळी नुसतं वर बघायचं. लाल दिसलं की उडायचं नाही. संगणक नाही, काही नाही. काका म्हणतात त्यांनी आयुष्यातली निम्मी सकाळ मान वर करून काढली, आणि मानेचं दुखणं ही त्यांची खरी पेन्शन.

असं यंत्र बदलणं अवघड असतं. नव्या आराखड्याला फक्त नवं असून चालत नाही. समोर जे आहे ते स्वस्त आहे, सगळ्यांना चालवता येतं, सुटे भाग जगभर पडलेत. एमआय-८ च्या वारसदाराचा सगळ्यात मोठा शत्रू एमआय-८ च आहे. रशियाने वारस आणायचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. दोन प्रयत्न मला विशेष वाटले, एक मोठा आणि एक धाकटा.

मोठा म्हणजे एमआय-३८. कल्पना सोव्हिएत काळातली, १९८० च्या दशकातली. वजन १५ टनांच्या वर, पंख्याची पाती सहा आणि तीही कंपोझिटची, आतली जागा ऐसपैस. सोव्हिएत संघ कोसळल्यावर पैसे संपले, तेव्हा युरोपातली युरोकॉप्टर कंपनी भागीदार झाली, इंजिनं कॅनडाच्या प्रॅट अँड व्हिटनीची ठरली. पहिलं उड्डाण डिसेंबर २००३ मध्ये. मग युरोपीय भागीदार बाहेर पडला, पुढे कॅनडाची इंजिनंही गेली आणि त्यांच्या जागी सेंट पीटर्सबर्गच्या क्लिमोव कारखान्याचं इंजिन बसवावं लागलं. इंजिन बदलणं म्हणजे स्कूटरची बॅटरी बदलणं नव्हे. ताकद वेगळी, वजन वेगळं, कंप वेगळा, त्यामुळे चाचण्या पुन्हा पहिल्यापासून. प्रमाणपत्र मिळालं २०१५ च्या शेवटी. बारा वर्षं गेली. एवढं करून हाती आलं ते एमआय-८ पेक्षा मोठं आणि महाग हेलिकॉप्टर, आणि ग्राहक म्हणाले, आमची जुनीच नवी करून द्या. कारखान्यानेही तेच केलं: एमआय-१७१ए२ नावाचं, नवी पाती आणि नवा कॉकपिट असलेलं तेच जुनं घर. एमआय-३८ बनतंय, पण मोजकं.

धाकटा म्हणजे कामोव घराण्याचा का-६२. त्याचा पूर्वज का-६० हा फौजेसाठीचा नमुना डिसेंबर १९९८ मध्ये उडाला. दिसायला देखणा, शेपटीचा पंखा एका गोल कड्यात झाकलेला. पण त्याचं रशियन इंजिन भरवशाचं निघालं नाही. तेव्हा नागरी रूप काढताना त्यांनी फ्रान्सचं इंजिन घेतलं आणि गिअरबॉक्स ऑस्ट्रियाच्या कंपनीकडून. जवळपास साडेसहा टनांचं, पंधरा प्रवाशांचं हे हेलिकॉप्टर नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रमाणित झालं. तीनच महिन्यांनी युक्रेनवर हल्ला झाला, निर्बंध आले, आणि फ्रेंच इंजिनाचा रस्ता बंद. आता तिथे नवं रशियन इंजिन तयार करून बसवायचं काम चालू आहे. म्हणजे पुन्हा चाचण्या, पुन्हा वर्षं.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी थोडा वेळ वाचन थांबवून नुसती बसले. आराखडा रशियनांना जमत नव्हता असं नाहीच. कागदावरचं हेलिकॉप्टर दोन्ही वेळा चांगलं होतं. अडलं ते दोन वस्तूंवर, इंजिन आणि गिअरबॉक्स. इंजिनाची टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते, वरचा मोठा पंखा जेमतेम दोनशे. मधली ही उतरण करतो तो गिअरबॉक्स, आणि विमानासारखी दुसरी सोय इथे नाही. विमानाचं इंजिन बंद पडलं तर पंख तरी असतात. हेलिकॉप्टरची इंजिनं दोन, पंखा मात्र एक आणि गिअरबॉक्सही एकच. तो गेला की संपलं. म्हणून या दोन वस्तू ज्याच्या हातात, त्याच्या हातात हेलिकॉप्टर.

एमआय-१७ ही याला अपवाद नाही, फक्त आपल्याला ते दिसत नव्हतं. त्याच्या इंजिनाचा आराखडा क्लिमोवचा, पण कित्येक वर्षं ती इंजिनं मोठ्या संख्येने बनत होती युक्रेनमधल्या झापोरिझिया शहरात, मोटर सिच कारखान्यात. सोव्हिएत काळात एकाच देशातली दोन शहरं होती ती. २०१४ मध्ये क्रिमिया घेतल्यावर तो पुरवठा तुटला आणि रशियाला ते उत्पादन सेंट पीटर्सबर्गला उभं करावं लागलं. ते त्यांनी केलं, हे मान्य करायला हवं. पण ज्या देशाला स्वतःच्या सगळ्यात लाडक्या हेलिकॉप्टरची इंजिनं घरी आणायला इतका आटापिटा करावा लागला, तो अगदी नवं मध्यम हेलिकॉप्टर शून्यापासून काढेल का? काढेल, पण लवकर नाही, असं माझं मत. युद्ध चालू असताना कारखान्याचं पहिलं काम आज लागणारं यंत्र देणं असतं. आणि आज लागणारं यंत्र पुन्हा एमआय-८ च आहे.

वेगवान हेलिकॉप्टरांची चित्रंही अधूनमधून दिसतात. साध्या हेलिकॉप्टरला वेगाची एक अंगभूत मर्यादा आहे. पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्यात घुसतं आणि दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागे जातं. वेग वाढत गेला की मागे जाणाऱ्या पात्यावरून हवा पुरेशी वाहत नाही, त्या बाजूचा आधार सुटतो. त्यामुळे ताशी चारशे किलोमीटरच्या अलीकडेच बहुतेकांची गाडी अडते. रशियाने जुन्या एमआय-२४ वर नवी पाती लावून हा प्रयोग करून पाहिला. अमेरिकेने तर डिसेंबर २०२२ मध्ये ब्लॅक हॉकच्या जागी पंखे वळवून विमानासारखं उडणारं बेल कंपनीचं यंत्र निवडलं. पण कोटरा गावच्या छपरावर उभ्या माणसाला ताशी चारशेचा उपयोग काय? त्याला वर स्थिर उभं राहणारं आणि पुष्कळ माणसं घेणारं काहीतरी हवं असतं. हा भाग मी इथेच सोडते.

आता आपल्या घरचं. एमआय-१७ ची जागा घेण्यासाठी एचएएलने स्वतःचं मध्यम हेलिकॉप्टर आखलंय, आयएमआरएच, म्हणजे भारतीय बहुउद्देशीय हेलिकॉप्टर. वजन १३ टनांच्या घरात, एमआय-१७ इतकंच, हे योगायोगाने नव्हे. नौदलासाठी जहाजावर उतरणारं रूपही त्यातूनच काढायचंय. कर्नाटकात तुमकुरूला फेब्रुवारी २०२३ मध्ये उघडलेल्या कारखान्यात ३ ते १५ टनांची हेलिकॉप्टरं बनवायची योजना आहे, त्यात हे बसतं. आणि इंजिन? तेच तर. जुलै २०२२ मध्ये एचएएल आणि फ्रान्सच्या सॅफ्रान कंपनीने मिळून इंजिन करायचं ठरवलं, त्याचं नाव ठेवलंय अरावली.

सॅफ्रान हे नाव ऐकून तुम्ही म्हणाल, ही तीच ना, जिच्या इंजिनावर का-६२ अडकलं? हो, तीच. गंमत अशी की आपल्या ध्रुव हेलिकॉप्टरचं शक्ती इंजिन आणि का-६२ चं फ्रेंच इंजिन ही एकाच आर्डिडेन कुटुंबातली. फरक व्यवहारात आहे. रशियाने तयार इंजिन विकत घेतलं. भारताने शक्तीच्या वेळी आराखड्यात भागीदारी घेतली आणि बंगळुरूत उत्पादन सुरू केलं. अरावलीच्या वेळी भागीदारी आणखी पुढे जाणार असं ठरलंय. विकत घेणारा आणि मिळून बनवणारा यांच्यात किती अंतर आहे ते शांततेच्या काळात कळत नाही. अर्थात मिळून बनवण्यातही सगळी चावी आपल्या हातात येते असं नाही. टर्बाइनची पाती ओतायचं कसब फार थोड्या देशांकडे आहे, आणि ते कुणी लग्नाच्या आहेरासारखं देऊन टाकत नाही.

स्वदेशी म्हटलं की आपण टाळ्या वाजवतो, पण त्यातही अडचणी आहेत. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं, तिघांचा जीव गेला, आणि देशभरातली ध्रुव हेलिकॉप्टरं काही महिने जमिनीवर बसवावी लागली. पात्यांचा कोन बदलणारा स्वॉशप्लेट नावाचा एक भाग तुटल्याचं समोर आलं. म्हणजे रशियन असो की भारतीय, एका लहान भागाने अख्खा ताफा थांबतो. त्या काळात डोंगरातली कामं कुणी केली असतील? एमआय-१७ वरचा भार वाढला असणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि एमआय-१७ वरही संकटं आली आहेतच. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या मदतकार्यात गौरीकुंडजवळ एक कोसळलं, वीस जण गेले. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर ढगात शिरून डोंगरावर आदळलं. चौकशीत यंत्राचा दोष निघाला नाही, अचानक आलेल्या ढगांत वैमानिकाची दिशाभूल झाली असं निघालं. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण "जुनं म्हणजे सोनं" असा या लेखाचा अर्थ कुणी काढू नये. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी, ढगातूनही वाट दाखवणारी चांगली यंत्रणा ही नव्या आराखड्याची खरी गरज आहे, नुसती सुंदर शेपूट नव्हे.

आपल्या ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याचाही इथे संबंध आहे. हवा तापली की पातळ होते, पात्यांना पकडायला कमी हवा मिळते, इंजिनही दमतं. त्यामुळे जानेवारीत जे हेलिकॉप्टर चार टन उचलतं, ते मे महिन्यात ४५ अंशात तेवढं उचलत नाही. सियाचीनला थंडी असली तरी उंचीमुळे हवा विरळ, तिथेही तीच रड. म्हणून भारताला हवं ते हेलिकॉप्टर युरोपच्या कॅटलॉगमध्ये सहज मिळत नाही. १३ टनांच्या यंत्राला गरजेपेक्षा जास्त ताकदीचं इंजिन हवं, म्हणजे उन्हात आणि उंचीवर गेल्यावरही काहीतरी शिल्लक राहतं. अरावलीची परीक्षा हीच असेल.

तर काकांचं उत्तर. मी वहीत साधा हिशेब मांडला. ध्रुव १९९२ ला पहिल्यांदा उडालं आणि २००२ ला सेवेत आलं, दहा वर्षं. हल्ल्यासाठीचं प्रचंड मार्च २०१० ला उडालं, ऑक्टोबर २०२२ ला वायुसेनेत आलं, बारा वर्षं. एमआय-३८ ला नुसत्या प्रमाणपत्राला बारा. आयएमआरएच अजून उडायचंय. २०३० ला उडालं असं धरलं, आणि ते धरणंही उदारपणाचं आहे, तरी पुरातल्या छपरावर ते दिसायला २०४० उजाडेल. तोवर २०१६ ला आलेली शेवटची एमआय-१७ चोवीस वर्षांची झालेली असेल. एमआय-८ ने ४५ वर्षं काढली, तेव्हा हेही निघेल. पण ते निघण्यासाठी पाती, गिअरबॉक्स, इंजिनाचे भाग येत राहायला हवेत, आणि ते जिथून येतात तो देश स्वतःच युद्धात आहे. म्हणून मला वाटतं सध्याचा मोठा प्रश्न नव्या आराखड्याइतकाच चंदीगडच्या वायुसेना डेपोचा आहे, जिथे ही यंत्रं पूर्ण उघडून पुन्हा जोडतात, आणि अशा सगळ्या डेपोंचा कारभार बघणाऱ्या नागपूरच्या मेंटेनन्स कमांडचा. कोणता भाग आपण इथे बनवू शकतो आणि कोणत्यासाठी अजून कझानकडे बघावं लागतं, ही यादी तिथल्या माणसांना पाठ असणार. त्यांच्यावर कुणी कविता लिहीत नाही, पुढच्या अंकात कुणीतरी लिहा.

हा सगळा हिशेब मी काकांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, वही हातात घेतली, २०४० वर बोट ठेवलं.

"तेव्हा तू किती वर्षांची असशील?"

"छत्तीस."

"आणि मी नसेन. हरकत नाही," ते म्हणाले. "लाल पट्टी बघायला कुणाला तरी शिकवून ठेवलंय मी."